एमएस्सी केमिस्ट्री झालं, फार्मामध्ये फ्रेशरला कुणी घेतच नाही का? सुरुवात कुठून करू?

निळा_लिटमस

नमस्कार सगळ्यांना. मी लातूर जिल्ह्यातली, यंदा एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री झालं, डिस्टिंक्शन आहे. रिझल्ट लागल्यापासून नोकरीच्या साइट्सवर रोज अप्लाय करतेय पण एक तर उत्तरच येत नाही नाहीतर फोनवर पहिला प्रश्न "एक्सपिरियन्स किती?" आणि फ्रेशर म्हटलं की फोन ठेवतात. जाहिरात बघावी तर सगळीकडे 1 ते 3 वर्षं अनुभव पाहिजे, मग तो पहिला अनुभव द्यायचा कुणी हे काही कळंना.

आमच्या कॉलेजात एचपीएलसी (सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) होतं पण हाताळायला मिळालं नाही, थिअरी मात्र पक्की आहे. प्रोजेक्ट शिफ बेसच्या (एक प्रकारचं ऑरगॅनिक कंपाउंड) सिंथेसिसवर केला, टीएलसी, मेल्टिंग पॉइंट, आयआर इतक्या टेस्ट स्वतः केल्यात.

पुण्यातला एक क्लास म्हणतोय 45 हजार भरा, एचपीएलसी-जीसीचं ट्रेनिंग आणि "100 टक्के प्लेसमेंट". पप्पांची पाच एकर शेती, यंदा सोयाबीनला भाव नाही, त्यांच्याकडे एवढे पैसे मागायची हिंमत होत नाही. ते म्हणतात बीएड कर आणि इथंच राहा. वर्गातल्या निम्म्या पोरी एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसल्यात. मला खरंच लॅबमध्ये काम करायचंय. क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाची लॅबमध्ये तपासणी) बघू का प्रॉडक्शन, क्लास लावू का नको, आणि मुलीने एकटीने बोईसर नाहीतर वापीला जाणं कितपत बरं, कुणी या लाइनमधलं असेल तर प्लीज सांगा.

---

बोईसरवाला

मुलीच्या वयाची आहेस म्हणून तू म्हणतो. मी तारापूर एमआयडीसीत बरीच वर्षं क्यूसीत आहे, फ्रेशरचे इंटरव्ह्यू घ्यायला मीच बसतो, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

आधी अनुभव का मागतात ते. नवीन माणूस लॅबमध्ये आला की तो लगेच रिपोर्टवर सही करू शकत नाही. त्याला एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचे कागद) वाचायला लावायच्या, ट्रेनिंगचे रेकॉर्ड भरायचे, मग जुन्या अ‍ॅनालिस्टने केलेलं सॅम्पल त्याच्याकडून परत करून घ्यायचं, दोघांचे रिझल्ट जुळले की मग त्याला त्या टेस्टसाठी क्वालिफाय करायचं. यात काही महिने जातात आणि तोवर त्याचा पगार चालू असतो. मोठ्या कंपन्यांच्या मागे यूएसएफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या औषध खात्याचा ऑडिट असतो, त्यांना तयार माणूस हवा असतो. म्हणून फ्रेशरने पहिल्या दिवसापासून फक्त मोठ्या नावांच्या मागे लागू नये. पहिली नोकरी मिळते ती छोट्या-मध्यम बल्क ड्रगच्या (औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्या) युनिटमध्ये, इंटरमीडिएट बनवणाऱ्या कंपन्यांत आणि बाहेरच्या टेस्टिंग लॅबमध्ये. यातली बरीच युनिट्स नोकरीच्या साइटवर जाहिरातच देत नाहीत. गेटवर सीव्ही घेतात, ओळखीने घेतात, नाहीतर रविवारचा वॉक-इन ठेवतात आणि त्याचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरतो. तू घरी बसून साइटवर शंभर ठिकाणी बटण दाबतेस आणि जागा भरल्या जातात बोईसरच्या नाक्यावर, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

दुसरं, छोट्या युनिट्सना सध्या माणसं लागतायत त्याला कारण आहे. औषध कंपन्यांच्या उत्पादनाचे नियम म्हणजे शेड्यूल एम, ते केंद्राने 2023 च्या डिसेंबरात नव्याने काढले. 250 कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना आधी लागू झाले, लहानांना मुदत वाढवून 2025 च्या डिसेंबरअखेरपर्यंत दिली होती. आता त्यांनाही क्वालिटी रिस्क, व्हॅलिडेशन, डॉक्युमेंटेशन सगळं नीट ठेवावं लागतंय. जिथे दोन माणसांत क्यूसी चालायचं तिथे ते आता भागत नाही.

तिसरं, तुझी लाइन. ऑरगॅनिकवाल्याला तीन दारं आहेत. आर अँड डीत सिंथेसिस, हे तुझ्या शिक्षणाला सगळ्यात जवळचं पण जागा कमी आणि त्या जास्त करून हैदराबाद, नवी मुंबई, पुण्याकडे. प्रॉडक्शन, म्हणजे रिअ‍ॅक्टरवर, तीन शिफ्ट, सॉल्व्हंटचा वास, पण एपीआयमध्ये, म्हणजे बल्क ड्रगमध्येच, केमिस्ट्रीवाल्याला मान आहे (गोळ्या-कॅप्सूलच्या प्रॉडक्शनला फार्मसीवाल्यांना आधी घेतात हे लक्षात ठेव). आणि क्यूसी, सगळ्यात रुंद दार. तू क्यूसी धर.

आता इंटरव्ह्यू. डिस्टिंक्शन बघून मी कधी कुणाला घेतलेलं नाही. मी विचारतो ते असं: एचपीएलसीच्या मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) फॉस्फेट बफर होता, रन संपला, आता कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) कशाने धुशील? दहातली आठ मुलं म्हणतात मेथॅनॉलने. थेट मेथॅनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं तर बफरचं मीठ आतच बसतं, प्रेशर चढतं, कॉलम जातो. आधी पाणी, किंवा जास्त पाणी आणि थोडं मेथॅनॉल, मीठ निघून गेलं की मग मेथॅनॉल. यासाठी मशीनला हात लावलेला असायची गरज नाही, मीठ कशात विरघळतं आणि कशात नाही एवढं कळलं पाहिजे, आणि ते तुला बीएस्सीपासून येतं. पुढे मोबाइल फेज 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळतो, सोनिकेट का करतो, रिव्हर्स फेजमध्ये पोलर कंपाउंड आधी बाहेर येतं की नंतर, सिस्टिम सुटॅबिलिटीत काय बघतात, टेलिंग म्हणजे काय, कार्ल फिशरमध्ये नेमकं काय मोजतो आणि तिथं नुसतं वाळवून वजनातली घट बघणं (लॉस ऑन ड्राइंग) का चालत नाही. स्टॅबिलिटीच्या कंडिशन तोंडपाठ हव्यात: 25 डिग्री 60 टक्के आरएच (हवेतली आर्द्रता) लाँग टर्म, 40 डिग्री 75 टक्के अ‍ॅक्सिलरेटेड, आणि उष्ण-दमट देशांसाठी 30 आणि 75.

आणखी एक प्रश्न हमखास: रीडिंग चुकीचं लिहिलं गेलं तर काय करशील? उत्तर, एक आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही, गिरवायचं नाही, पान फाडायचं तर नावच नको. ज्या मुलाला हे न शिकवता येतं त्याला मी पुढे ढकलतो, कारण मशीन शिकवता येतं, लिहिण्यातला खरेपणा शिकवायला फार वेळ लागतो.

45 हजारांचा क्लास लावू नकोस. 100 टक्के प्लेसमेंट म्हणजे ते पाच ठिकाणी सीव्ही पाठवतात, ते तू स्वतःही करू शकतेस.

---

क्यूए_ताई

अगं मी पण मराठवाड्यातलीच, बीडची, सध्या नाशिककडे क्यूएत (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, म्हणजे रेकॉर्ड आणि नियम पाळले जातात का ते बघणारा विभाग) आहे. मुलीने जावं का यावर मी बोलते, कारण वरचे दादा तिथपर्यंत आले नाहीत.

जा. क्यूसी आणि क्यूएत मुली भरपूर आहेत, आमच्या लॅबमध्ये अर्ध्याहून जास्त मुलीच आहेत. प्रॉडक्शनला मात्र बऱ्याच ठिकाणी नाईट शिफ्टच्या कारणाने मुलींना घेतच नाहीत, तोंडावर सांगत नाहीत पण घेत नाहीत. क्यूसीत पण सुरुवातीलाच विचारून घे की मुलींना जनरल आणि फर्स्ट शिफ्टच आहे का सेकंडही आहे, सेकंड असेल तर रात्री कंपनीची बस घरापर्यंत सोडते की नाक्यावर. हा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नकोस, चांगला एचआर व्यवस्थित उत्तर देतो आणि जो टाळतो तिथं काय परिस्थिती आहे ते कळतंच.

राहायचं म्हणशील तर बोईसर, अंबड-सातपूर, वाळूज या सगळ्या ठिकाणी कंपनीतल्याच मुली तिघी-चौघी मिळून रूम घेतात. पहिला महिना कुणाच्या तरी रूमवर काढायचा आणि मग बघायचं. पप्पांना एकदा सोबत घेऊन जा, त्यांना रूम दाखव, सोबतच्या मुली दाखव, कंपनीचं गेट दाखव. माझ्या बाबांचा विरोध होता तो रूमवरच्या मुलींशी दहा मिनिटं बोलल्यावर निम्मा झाला, घरच्यांना भीती अंतराची नसते, कुठं राहते काय करते हे डोळ्यासमोर येत नाही त्याची असते.

आणि तुला थेट बोईसर-वापी का दिसतंय? घराजवळ बघ ना. सोलापूरची चिंचोळी एमआयडीसी आहे, तुळजापूर रोडला तामलवाडी आहे, बालाजी अमाइन्स तिथलीच. छत्रपती संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. दौंडजवळ कुरकुंभ, तिथे सिप्ला, एमक्युअर आणि केमिकलच्या बऱ्याच कंपन्या. लातूरहून सोलापूर म्हणजे शनिवारी संध्याकाळी घरी येऊन सोमवारी परत जाता येतं, घरच्यांनाही हे पटकन पटेल.

पगाराचं सांगते, कारण याबाबत मुली बोलतच नाहीत. ऑफर लेटरवर सीटीसी, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणारा एकूण खर्च, लिहिलेलं असतं, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी बस आणि कँटीनचे पैसेपण धरलेले असतात. "हातात किती?" एवढंच विचार. ग्रॉस 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, ते कट होतं म्हणून नाराज होऊ नकोस, आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांच्या उपचारालाही ते चालतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑफर कंपनीची आहे का कॉन्ट्रॅक्टरची. कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर घेतलं तरी एकदम नको म्हणू नकोस पण एक्सपिरियन्स लेटर कुणाच्या नावाने मिळणार, त्यावर पद काय लिहिणार, हे आधी लेखी घे. हेल्पर म्हणून लिहून ठेवलं तर क्यूसीत दोन वर्षं घासूनही पुढची कंपनी तो अनुभव मोजत नाही, माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत असंच झालं.

---

खान्देशी_अंकलेश्वर

ताई मी धुळ्याचा, अंकलेश्वरला प्रॉडक्शनला आहे. वरचे दोघं बरोबर बोलले पण गुजरातचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वापी, अंकलेश्वर, पानोली, दहेज या पट्ट्यात फ्रेशरला तारापूरपेक्षा लवकर घेतात हे माझं मत आहे, कारण प्लांट फार आहेत आणि माणसं टिकत नाहीत, वर्ष झालं की उडी मारतात. इथं अर्धं पब्लिक जळगाव, धुळे, नंदुरबारचं, भाषेची काही अडचण नाही. उन्हाळा कडक आणि हवा काही चांगली नाही हेही खरं सांगतो. क्यूसीत मुली आहेत पण घरापासून लांब पडेल तुम्हाला, आधी सोलापूर बघा, नाही जमलं तर इकडे या. वॉक-इनला दोन-तीनशे पोरं येतात, गर्दी बघून परत फिरू नका, त्यातली निम्मी लेखी परीक्षेतच उडतात.

---

फळा_आणि_खडू

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. बोईसरवाल्यांच्या एका मुद्द्याला जोड देतो आणि एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत मांडतो.

जोड अशी की सीव्हीत "नॉलेज ऑफ एचपीएलसी, जीसी, यूव्ही, आयआर, एनएमआर" अशी माळ लिहू नकोस. सगळ्यांच्या सीव्हीत तीच असते. प्रोजेक्टमध्ये काय केलं ते लिही: कुठला अल्डिहाइड, कुठली अमाइन, सॉल्व्हंट काय, रिअ‍ॅक्शन किती वेळ रिफ्लक्स केली, टीएलसीची सॉल्व्हंट सिस्टिम कुठली, यील्ड किती, रीक्रिस्टलाइज कशातून केलं, आयआरमध्ये इमाइनचा पीक कुठे दिसला. इंटरव्ह्यू घेणारा मग तिथलंच विचारतो आणि ते तर तुझ्या हाताखालून गेलेलं आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून हे एका पानावर लिहून घेतो आणि तोंडी म्हणायला लावतो.

वेगळं मत क्लासबद्दल. 45 हजार देऊ नयेत हे मान्यच, पण हात अजिबात न लागलेला असणं ही अडचण खरी आहे. काही विद्यापीठांत आणि मोठ्या कॉलेजांत सेंट्रल इन्स्ट्रुमेंटेशनच्या आठवडाभराच्या कार्यशाळा होतात, त्यांची फी क्लासच्या मानाने फारच कमी असते. सर्टिफिकेटला किंमत नाही पण मशीनमध्ये सॅम्पलची चार इंजेक्शन स्वतः मारलीस, बेसलाइन स्थिर व्हायची वाट बघितलीस की बोलण्यात फरक पडतो.

आता स्पर्धा परीक्षा. मुली अभ्यासिकेत बसल्यात म्हणून तू बसू नकोस, पण एमएस्सी केमिस्ट्रीला लागू असणाऱ्या दोन-तीन परीक्षा नोकरी करता करता देण्यासारख्या आहेत आणि कित्येकांना त्या माहीतच नसतात. अन्न सुरक्षा अधिकारी या पदाला केमिस्ट्रीची मास्टर्स डिग्री चालते, आपल्याकडे ही भरती एमपीएससीमार्फत होते. औषध निरीक्षकाला मात्र फार्मसीच लागते, त्यात गोंधळ करू नकोस. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, म्हणजे मुंबईतली कलिनाची आणि तिच्या विभागीय लॅब, तिथेही केमिस्ट्रीवाल्यांच्या जागा निघतात. आणि सीएसआयआर नेट, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपची (जेआरएफ) परीक्षा. जेआरएफ लागली तर 2023 पासून महिन्याला 37 हजार फेलोशिप आहे, म्हणजे फ्रेशरच्या पगारापेक्षा जास्तच. सिंथेसिसची खरी आवड असेल तर हे दार बंद करू नकोस.

सरकारी इंटर्नशिपचं पण नीट बघ. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा फार गवगवा झाला, 2024 च्या नियमांत महिन्याला 5 हजार होते, पण मास्टर्स झालेल्यांना त्यात घेत नव्हते, त्यामुळे त्यात वेळ घालवू नकोस. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 ला आली, त्यात पदवीधर आणि पदव्युत्तरांना 10 हजार विद्यावेतन ठरलं. सुरुवातीला 6 महिन्यांची होती, पुढे मुदत वाढवली. बऱ्याच जणांना सरकारी ऑफिसात कागद लावायला बसवलं असं ऐकतो, पण त्यात खासगी कारखानेही नोंद करू शकतात. महास्वयम पोर्टलवर सोलापूर, धाराशिव जिल्हा टाकून सध्या कुठल्या आस्थापना आहेत ते बघ. इथे वाचणाऱ्या बीएस्सीवाल्यांनी अप्रेंटिसशिपही बघावी, 2019 च्या नियमांत ग्रॅज्युएटला महिन्याला किमान 9 हजार ठरले होते आणि ते वर्ष पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळतं.

बीएडबद्दल वडिलांना दुखवू नकोस पण त्यांना एकच गोष्ट सांग, बीएडनंतर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी), मग जागा निघायची वाट. तीही स्पर्धाच आहे, फक्त घराजवळची.

---

निळा_लिटमस

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. पप्पांना क्यूए ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण सोलापूर चालेल म्हणाले.

कॉलम धुण्याचं खरंच मलाही आलं नसतं, ते आता कळलं.

एक विचारायचं होतं, काल एका कन्सल्टन्सीचा फोन आला, म्हणे मोठ्या कंपनीत क्यूसीत जागा आहे, सिलेक्शन नक्की, फक्त रजिस्ट्रेशनचे 3500 आधी ऑनलाइन भरा आणि जॉइन होताना ओरिजिनल मार्कशीट जमा करावी लागेल, दोन वर्षांचा बाँड आहे. खरं असेल का? आणि पुढच्या रविवारी चिंचोळीला एका कंपनीचा वॉक-इन आहे असं मैत्रिणीने पाठवलंय, फ्रेशर चालतील असं लिहिलंय, लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही घेणार आहेत. काय काय घेऊन जाऊ आणि या आठवड्यात काय वाचू?

---

क्यूए_ताई

एक रुपया भरू नकोस!! नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. ज्या कन्सल्टन्सी खऱ्या आहेत त्या कंपनीकडून पैसे घेतात, कँडिडेटकडून नाही. इंटरव्ह्यू न घेता "सिलेक्शन नक्की" म्हणणारा फोन ब्लॉक कर आणि ग्रुपवर नंबर टाक म्हणजे दुसऱ्या मुली वाचतील. ओरिजिनल मार्कशीट कुणालाही ठेवायला द्यायची नाही, दाखवायची, त्यांच्यासमोर झेरॉक्सशी ताडून बघू द्यायची आणि परत घ्यायची. एकदा अडकली की नोकरी सोडता येत नाही आणि ती परत मिळवायला हातापाया पडावं लागतं, मी हे आमच्याकडे आलेल्या एका मुलीच्या तोंडून ऐकलंय, ती बोलताना रडत होती.

रविवारी सीव्हीच्या चार-पाच प्रती, सगळ्या मार्कशीटच्या झेरॉक्सचे दोन सेट, ओरिजिनल फाइलमध्ये, फोटो, आधार, पॅन. आणि पायात बंद शूज, सँडल घातली तर लॅबमध्ये प्रॅक्टिकललाच घेणार नाहीत. दुपट्टा पिनने नीट लाव. डबा ने, नंबर यायला तीन-चार वाजतात.

---

बोईसरवाला

चिंचोळीला फ्रेशरचं प्रॅक्टिकल म्हणजे बहुतेक टायट्रेशनच देतील. 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड बनवून स्टँडर्डाइज करायला सांगतील असं धर. लिटरला 4 ग्रॅम, पण ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं म्हणून वजनावर भरवसा ठेवायचा नाही, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने स्टँडर्डाइज करायचं, इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलीन. 0.1 नॉर्मलच्या 1 मिलीला 20.42 मिलिग्रॅम थॅलेट, हा फॅक्टर 204.2 वरून काढून दाखवता आला पाहिजे, नुसता पाठ नको. ब्युरेट आधी त्याच सोल्युशनने दोनदा खंगाळायची, नळीच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिलाय का बघायचं, फनेल काढून मग रीडिंग घ्यायचं, डोळा मेनिस्कसच्या रेषेत. गुलाबी रंग फिक्का आला आणि अर्धा मिनिट टिकला की थांब, गडद करू नकोस. तिथला सुपरवायझर तुझं उत्तर नंतर बघेल, आधी तो तुझा हात बघत असतो.

रीडिंग घेतलं की लगेच लिही, कागदाच्या चिठोऱ्यावर नाही, दिलेल्या शीटवरच. या आठवड्यात टायट्रेशनची गणितं, मोलॅरिटी-नॉर्मॅलिटी, पीएच मीटर कुठल्या बफरवर कॅलिब्रेट करतात (4, 7 आणि 9.2 किंवा 10), आणि वर लिहिलेलं एचपीएलसीचं एवढंच कर, बाकी काही उघडू नकोस. गणितं इथे सोडवून टाक, मी रात्री शिफ्टवरून आलो की तपासून देतो.